कुंकवाचं बोट

आमच्या भागातल्या त्या लहान सभागृहाच्या मेकअपच्या खोलीत मोठा आरसा भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा, ठोकलेला नव्हता. दोघांनी धरून तो बाजूला केला की मागची भिंत दिसायची. त्या भिंतीवर नाटकांची नावं लिहिलेली होती. कोळशानं, शिसपेन्सिलनं, भुवया काढायच्या काळ्या पेन्सिलनं, एक-दोन लिपस्टिकनं. नाव आणि तारीख, एवढंच. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कुंकवाचं एक बोट.

रंगीत तालीम संपली की नारळ फोडायचा. मग संस्थेतलं सगळ्यांत वडील माणूस आरशामागे जाऊन नाव लिहायचं आणि सभागृहाचा चौकीदार अनामिकेनं त्या नावाशेजारी कुंकू लावायचा. ही पद्धत कोणी सुरू केली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कुंकू लागलं नाही तर प्रयोग पडतो असं आम्ही मानत होतो. कुंकू लागूनही पुष्कळ पडले.

ती भिंत आता नाही. म्हणजे भिंत आहे, तिच्यावर फिकट पिवळा ऑइलपेंट आहे. चौकीदारही तिथे नाही. या दोन्हींत माझा हात आहे. घरी बायकोला सांगताना मी 'चूक झाली' असं म्हणतो. संस्थेतल्या लोकांना सांगताना तेवढंही म्हणत नाही. चूक झाली नव्हती. ते कसं झालं ते लिहून पाहतो आहे.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करतो. अर्ज, टिपणं, जोडपत्रं, आवक-जावक हे माझं आयुष्य. संध्याकाळी मी हौशी नाटकात प्रॉम्प्टर असतो. पंचवीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून दुसऱ्यांची वाक्यं त्यांच्या आधी हळूच म्हणत आलो. हातात सतत वही, म्हणून चौकीदार मला मास्तर म्हणायचे. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, अंगानं बारीक, खांद्यावर दुपट्टा. सभागृहाच्या मागच्या क्वार्टरमध्ये ते आणि वहिनी राहायचे.

सभागृह एका सरकारी कार्यालयाच्या ताब्यात होतं. कागदावर ते संध्याकाळी सहाला बंद व्हायचं आणि सोमवारी उघडायचंच नाही. तालमीसाठी हवं असेल तर तीन आठवडे आधी अर्ज, त्यावर दोन सह्या. हौशी नाटकवाल्याला तीन आठवडे आधी आपला नायक कोण हेच ठाऊक नसतं. त्यामुळे आम्ही अर्ज करत नव्हतो. सोमवारी, नाहीतर सहानंतर, भाऊंच्या क्वार्टरची कडी वाजवायची, ते चावी घेऊन यायचे, मागचं दार उघडायचे. नोंदवहीत काही लिहायचं नाही. शहरातल्या सहा-सात संस्थांनी वर्षानुवर्षं सगळ्या तालमी अशाच केल्या. ह्याला आम्ही चोरी समजत नव्हतो. भाऊंचं मन मोठं आहे, असं म्हणायचो.

मग एका मार्चमध्ये सूचनाफलकावर एका पानाचं पत्र लागलं. सभागृहाचा वापर नगण्य असल्याने नवीन आर्थिक वर्षापासून त्याच्या देखभालीची आणि बालनाट्य शिबिराची तरतूद करण्यात येणार नाही. सभागृह दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर देण्याची कार्यवाही करावी. खाली सही.

"नगण्य म्हणजे किती गा, मास्तर?" शाहिरांनी विचारलं.

शाहीर म्हणजे खडी गंमतीतले. आमच्याकडचा हा उभ्यानं करायचा खेळ, ढोलकी आणि डफावर. त्यांचा फड गावोगाव फिरायचा आणि नवीन पोरं बसवायची झाली की सोमवारी याच सभागृहात यायचा.

"नगण्य म्हणजे मोजण्यासारखं नाही," मी म्हटलं.

"अस्सं. तं मग मोजलं कोणं?"

पहिली बैठक सभागृहाच्या पायऱ्यांवर झाली. पुड्यांमध्ये तर्री पोहे होते. कृती समितीत नावं पुष्कळ लागली, पण कामाला तिघंच होतो. शाहीर, मी आणि बाई. बाई म्हणजे आमच्या दिग्दर्शिका, साठी ओलांडलेल्या, तीस वर्षं मुलांची शिबिरं घेतलेल्या. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा आणि त्या तो कधीच कमी करायच्या नाहीत.

"आपण निवेदन द्यायचं, सह्या गोळा करायच्या आणि चौकात बसायचं," बाई म्हणाल्या. "मसुदा मास्तर लिहितील."

"लिहू द्या. पण मास्तर, दोन पानांत आटप. तुझा अर्ज वाचता वाचता सायबाची बदली होऊन जाते."

"शाहीर, तुम्ही जरा गप्प बसा."

"गप बसलो म्हणून तं अनुदान गेलं न, बाई."

भाऊ दाराशी उभे होते. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं होतं. बैठक मोडल्यावर मी पुड्यांचे कागद गोळा करत होतो तेव्हा ते जवळ आले.

"मास्तर, तुमचं चालू द्या. सभागृह राह्यलंच पायजे. पण माहं नाव कुठी येऊ देऊ नको गा."

"नाही येणार, भाऊ."

"आठ मईने राह्यले माह्ये. बत्तीस वर्सं झाले, एक मेमो नाही भेटला. साफ निंगून जाऊ दे मले."

मी म्हटलं, "काळजीच करू नका."

हे मी अगदी सहज म्हटलं. विंगेतून वाक्य द्यावं तसं.

एप्रिल-मे आम्ही सह्या गोळा केल्या. चौकात झाडाखाली टेबल, वर कापडी फलक, शाहिरांची ढोलकी. पोलिसांनी अकरा ते एक अशी परवानगी दिली होती, म्हणजे उन्हाळ्यात कोणीच नसतं ती वेळ. सिग्नलला थांबलेले लोक तोंडाला दुपट्टे बांधून आमच्याकडे बघायचे. सावलीसाठी आलेला एक गृहस्थ तीन वेळा सही करून गेला. दुसऱ्यानं विचारलं, "नाटक असते का आता?" बाईंनी त्याला पंधरा मिनिटं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बरं, पास भेटन का?"

त्या दोन महिन्यांत मला काय वाटत होतं ते आठवायचा मी प्रयत्न करतो. फार काही आठवत नाही. सभागृह जाईल असं वाटायचं, आणि गेलं तर संध्याकाळी सहानंतर मी कुठे जाईन असं वाटायचं. पन्नाशीच्या माणसानं स्वतःच्या स्टुलाची जागा वाचवायला दोन पानी निवेदन लिहावं, तसं ते होतं. मुलांच्या शिबिराबद्दलचा परिच्छेद मी चांगला लिहिला होता. तो लिहितानाही माझ्या डोळ्यांसमोर स्टूलच होतं.

मेच्या मध्यावर त्या सरकारी कार्यालयाच्या साहेबांनी आम्हाला भेटीची वेळ दिली. साहेब सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सह्यांचा गठ्ठा उचलून वजन पाहिल्यासारखं केलं आणि खाली ठेवला.

"भावना समजतात," ते म्हणाले. "पण माझ्यासमोर नोंदवही आहे. गेल्या पाच वर्षांत तुमच्या एकाही संस्थेची तालीम हिच्यात नाही. तुम्ही म्हणता रोज वापर होतो. मी वर काय लिहू? वापराचा पुरावा द्या, मी स्वतः फाइल परत पाठवतो."

आम्ही तिघंही जाणून होतो की पुरावा आमच्या प्रत्येकाच्या डोक्यात आहे आणि कागदावर एक ओळ नाही. इतकी वर्षं आम्ही भाऊंचं मन मोठं आहे म्हणत होतो, आणि कागदावर सभागृह रिकामं होत चाललं होतं.

जिना उतरताना शाहीर म्हणाले, "आपूनच आपल्याले नगण्य करून ठेवलं, बाई."

घरी येताना मला भिंत आठवली.

पुढच्या सोमवारी दुपारी मी सभागृहावर गेलो. भाऊ आतच होते, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलत होते. नवीन ताट्यांचा ओला वास सगळ्या खोलीत होता. मी म्हटलं, आरसा जरा बाजूला करायचा आहे. आम्ही दोघांनी तो उचलून भिंतीकडेला ठेवला. तिकडचा बल्ब गेलेला होता. भाऊंनी विंगेतून लांब वायरीचा हातातला दिवा आणला आणि भिंतीजवळ धरला. मी मोबाइल काढला.

"कायले काढून राहिला फोटो?"

"आठवण म्हणून, भाऊ."

ते म्हणाले, "हो न बाप्पा. उद्या कोणी लग्नाचा हॉल केला तं पह्यले हेच पुसतीन."

त्यांनी दुपट्ट्यानं कोपऱ्यातली जाळी काढली. मग दिवा माझ्या हातात देऊन म्हणाले, "थांब. खालचे फिक्के पडले." कोनाड्यात नटराजासमोर कुंकवाची वाटी होती, ती घेऊन आले. बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि खालच्या चार-पाच ओळींची पुसट झालेली बोटं पुन्हा लावली. प्रत्येक नाव वाचून लावली. एका नावाशी थांबून म्हणाले, "याचा हिरो ऐन वक्ताले पळाला होता, आठोते का?" मला आठवत होतं. मग त्यांनी माझ्याकडून दिवा परत घेतला, हात उंच केला आणि मी फोटो काढले. सात काढले. चौथा उत्तम आला.

आता हे सांगितलं पाहिजे. दिवा उंच धरलेल्या माणसाशी मी 'आठवण म्हणून' असं बोललो तेव्हा निवेदनाच्या जोडपत्रांची यादी माझ्या खिशात होती. जोडपत्र चारच्या पुढची जागा मी मोकळी ठेवली होती.

त्या रात्री घरी मी फोटो मोठा करून पाहिला. नावं, तारखा वाचता येत होत्या. मी कॉलेजच्या ऑफिसातला माणूस आहे, तारीख दिसली की वार पाहायची मला सवय आहे. मी पाहिला. बहुतेक सोमवार होते. सभागृह बंद असण्याचा वार. प्रत्येक सोमवारापुढे लाल बोट, आणि ते बोट आमच्यापैकी कोणाचं नव्हतं. हे मला दिसलं. फोटो निवेदनाला लावून झाल्यावर दिसलं असतं तर ती चूक झाली असती. मला आधी दिसलं. मी चहा केला. मनात असं आलं की नाव तर कुठेच नाही, मी त्यांना नाव येणार नाही असंच म्हटलं होतं. आणि दुसरं असं आलं की फोटो इतका चांगला आहे की तो सोडून देणं शक्य नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो चिकटवला, खाली 'जोडपत्र चार' लिहिलं आणि त्याच्याखाली एक वाक्य. 'सभागृहात सातत्याने तालमी होत असल्याचा हा जिवंत पुरावा.' 'जिवंत' या शब्दावर बाई खूश झाल्या.

फोटो चालला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. एका वर्तमानपत्रानं छापला. मग चौकात न थांबणारे लोक आरसा सरकवून भिंत बघायला यायला लागले. जुनी, गावाबाहेर गेलेली नटमंडळी आपलं नाव शोधून रडली. बाईंनी त्यांना भिंतीसमोर उभं करून बोलायला लावलं. जूनमध्ये भाडेपट्ट्याचा विषय पुढे ढकलल्याचं कळलं. शाहिरांनी पायरीवर ढोलकी वाजवली आणि मला म्हणाले, "मास्तर, तू विंगेतून भायेर येऊन राहिला गा."

भाऊ त्या दिवसांत येणाऱ्यांसाठी आरसा सरकवून द्यायचे. मला काही बोलले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्रातला फोटो पाहिला होता का? पाहिला असणार, क्वार्टरच्या दारात तेच वर्तमानपत्र यायचं. मी त्यांना विचारलं नाही. एकदा त्यांनी मला दोन वेळा हाक मारली, आणि मी मोबाइल कानाला लावला. कोणाचाही फोन आलेला नव्हता.

जुलैत मला एकट्याला बोलावणं आलं. निवेदनावर पहिली सही माझी होती. या वेळी साहेब नव्हते, दुसरे एक अधिकारी होते. त्यांच्यासमोर आमचा फोटो होता आणि शेजारी जुनी कॅलेंडरं.

"सोमवारी सभागृह कोण उघडायचं?"

"मला नाही माहीत."

"पंचवीस वर्षं तुम्ही आत यायचात, आणि दार कोण उघडतं ते माहीत नाही?"

त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवला.

"हे कुंकवाचं बोट कोणाचं?"

"ती पद्धत आहे," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "हे बघा," ते म्हणाले, "तुमचा फोटो खरा असेल तर सभागृह वापरात आहे, तरतूद राहील. खोटा असेल तर तसं लिहून द्या, पहिलं पत्र कायम होईल. मला एवढंच हवं आहे."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे केला. वर पंखा होता. टेबलावरच्या पेपरवेटमध्ये एक रंगीत फूल होतं, ते मला अजून दिसतं. मी लिहिलं. 'जोडपत्र क्रमांक चारमधील छायाचित्र मी स्वतः काढलेले असून त्यातील मजकूर खरा आहे.' सही केली. त्यात खोटं काही नव्हतं. मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. बाहेर आल्यावर बाईंना फोन केला आणि तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "शाबास. मला खात्री होती."

मी काय करू शकलो असतो? याचा विचार मी नंतर खूप केला आहे. मी म्हणू शकलो असतो की आम्ही सहा संस्थांनी मिळून दार उघडायला लावलं, सगळ्यांची नावं लिहा, पहिलं माझं. हे वाक्य सुचायला मला चार महिने लागले. दुसऱ्याचं वाक्य अडलं की अर्ध्या क्षणात द्यायचं, हे माझं काम.

भाऊंना नोटीस आली. विनापरवानगी शासकीय इमारत उघडणे, नोंद न ठेवणे. चौकशी सुरू झाली आणि त्यांना दुसऱ्या एका गोदामवजा ऑफिसात बसवलं. नोव्हेंबरमध्ये ते निवृत्त झाले. चौकशी पूर्ण झाली नव्हती, ती अजूनही झालेली नाही. ती होईपर्यंत पेन्शनचे कागद हलत नाहीत. निरोपाचा हार नाही, कारण चौकशी चालू असलेल्या माणसाला हार कोण घालणार. क्वार्टर सोडावं लागलं. शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामावर दिवसाचा वॉचमन म्हणून ते लागले आणि मागेच खोली घेतली, एवढं शाहिरांकडून कळलं.

"लय वाईट झालं," शाहीर म्हणाले. मग थोडं थांबून, "फोटो देयाच्या आंधी त्याले विचारलं होतं न तू?"

"हो," मी म्हटलं.

त्याच महिन्यात सभागृहाचं काम निघालं. भिंतींना ऑइलपेंट, आरसा ठोकून पक्का. बुकिंग फक्त मोबाइलवरून, सोमवार कडक बंद. बालनाट्य शिबिराची तरतूद काही परत आली नाही. कामाच्या उद्घाटनाला समितीचा सत्कार झाला. मला शाल आणि श्रीफळ दिलं. टाळ्या वाजल्या. मला आनंद झाला नाही, लाजही वाटली नाही. खुर्चीचं पांढरं कापड मागून सुटलं होतं, ते नीट करावं असं मला वाटत राहिलं.

वाडीला मी जानेवारीत गेलो. पश्चात्तापानं गेलो असं लिहिता आलं असतं. पण मला बाईंनी पाठवलं होतं. भाऊंच्या जागी आलेल्या नवीन माणसाला लाइटच्या तिसऱ्या दांडीचं कनेक्शन सापडत नव्हतं आणि प्रयोग दोन दिवसांवर होता.

अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगेतून आत गेलो. भाऊ गोदामाच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. उठून उभे राहिले. "ये गा मास्तर." मी कामाचं सांगितलं. त्यांनी जमिनीवर काडीनं आकृती काढली. मेन स्विचच्या मागून एक वायर जाते, ती डाव्या विंगेत फळीखाली आहे, तिला हात लावताना चप्पल घालून राहा. "तिथी मीच जोड देल्ला होता, त्याईले कागदावर नाही भेटणार."

मी वहीत उतरवून घेतलं. निघताना ते म्हणाले, "भिंत पुसली म्हणते?"

"हो. ऑइलपेंट मारला."

"अच्छा." ते काडी मोडत राहिले. "तू आठवण म्हणून फोटो काढला होता न? एक मले दे. मोठा करून दे. पैसे मी देतो."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असेल म्हणून पाहिलं. असता तर बरं झालं असतं. त्यांना फक्त फोटो हवा होता.

स्टुडिओत चौथा फोटो मोठा करायला दिला. तिथल्या माणसानं विचारलं, "कडेला हा हात आलाय दिव्याचा, कापू का?" मनगट, वायर आणि दुपट्ट्याचं टोक. जोडपत्रात मी तो कापला होता. म्हटलं, राहू द्या.

पुढच्या रविवारी दुपारी मी पुन्हा गेलो. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यासमोर ट्रक उभा, त्यामुळे भरदुपारी आत अंधार. वहिनींनी मला दारात पाहिलं.

"आले का मास्तर? आता कोणता कागद आणला?"

"फोटो आहे, वहिनी."

"फोटोच होता न मांगंही," त्या म्हणाल्या आणि स्टोव्हकडे वळल्या.

"तू चूप राह्य वं," भाऊ म्हणाले. "खळ कर थोडीशी."

वहिनींनी खळ केली. केली, पण वाटी भाऊंच्या हातात न देता खाली ठेवली. भाऊंनी फोटो दोन्ही हातांत धरून दारातल्या उजेडात नेला. वरून खाली, एकेक ओळ वाचली. खालच्या ओळींवर आले तेव्हा म्हणाले, "हे चांगले उठले. मी ताजे लावले होते म्हणून." मग कडेचा हात पाहिला. "हा मी होय का?"

"हो."

त्यांनी देवाच्या फळीच्या वरची जागा हातानं पुसली. दिवा लावला तरी तिथपर्यंत उजेड पोचत नव्हता.

"मोबाइलचा लाइट धर न जरा."

मी मोबाइल काढला आणि हात उंच केला. ते स्टुलावर चढले. स्टूल माझ्या विंगेतल्या स्टुलासारखंच होतं, तीन पायांचं. त्यांनी फोटोच्या मागे बोटानं खळ लावली, वरची कड भिंतीला टेकवली आणि हळूहळू खाली दाबत आणली. बाहेर ट्रक मागे घेत होते, कोणी तरी 'आने दो, आने दो' ओरडत होतं.

मी म्हटलं, "भाऊ, तेव्हा मी आठवण म्हणून म्हणालो ना, ते खोटं होतं. मला तो निवेदनाला लावायचा होता. आणि सोमवार आहेत, बोट तुमचं आहे, हे लावायच्या आधी मला दिसलं होतं. तरी लावला."

वहिनींच्या हातातलं भांडं थांबलं. भाऊंची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी डावा कोपरा दाबला, मग तळहातानं मधून बाहेर हवा काढली. उजवा कोपरा सुटून वर आला.

"हालवू नको गा," ते म्हणाले. "कोपरा दिसून नाही राह्यला."

मी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं.